एस.टी. आहे का?

(बी.ए. द्वितीय वर्ष)

इंग्रजी येत नाही असे सांगणारी माणसे आपल्या भागात पुष्कळ भेटतील. पण इंग्रजी अक्षरे बोलत नाही असा माणूस शोधूनही सापडणार नाही. सकाळी शेतकरी म्हणतो, "डी.पी. जळाली, ओलित थांबलं." दुपारी कोणी सांगतो, "पोराची टी.सी. काढून आनली." संध्याकाळी पारावर चर्चा होते, "नवा जी.आर. निघाला म्हनते." म्हाताऱ्या माणसांना बी.पी. असतो. आणि एखाद्या घरी विपरीत घडले तर हलक्या आवाजात विचारले जाते, "पी.एम. झालं का?"

मौज अशी की ही अक्षरे सगळीकडे एकच अर्थ सांगत नाहीत. शेतकऱ्याची डी.पी. म्हणजे विजेचे रोहित्र, कॉलेजातल्या मुलामुलींची डी.पी. म्हणजे मोबाईलवरचा फोटो, आणि शहरातल्या माणसाचा डी.पी. म्हणजे नगराचा विकास आराखडा, ज्यात कधीकधी त्याचे घर रस्त्यात जाते. घड्याळातले पी.एम. म्हणजे दुपारनंतरची वेळ, दिल्लीतले पी.एम. म्हणजे पंतप्रधान, आणि दवाखान्यातले पी.एम. म्हणजे शवविच्छेदन. शाळेची 'ती' टी.सी. म्हणजे दाखला आणि रेल्वेतला 'तो' टी.सी. म्हणजे तिकीट तपासणारा. आपली मराठी मोठी हुशार. अक्षरे परकी असली तरी त्यांना 'तो', 'ती', 'ते' लावून ती अर्थ वेगळे करते आणि आपले काम चालवून घेते.

परंतु प्रत्येक वेळी असे काम चालत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शेजारपाजारचे कागद माझ्याकडे वाचायला येतात. बँकेचा, पंचायतीचा, दवाखान्याचा कोणताही कागद असो, लोक अडतात ते बहुधा मोठ्या शब्दांपाशी नव्हे, तर दोन-तीन अक्षरांपाशी. मोठा शब्द निदान फोड करून समजतो. अक्षरांची फोड कशी करणार? संक्षेप हा माहीतगाराचा वेळ वाचवतो आणि न माहीत असणाऱ्याचा दिवस खातो, असे माझे मत झाले आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ मी एकच जोडी घेते : 'एस.टी.'

या दोन अक्षरांचे अर्थ तरी किती! एखाद्या शाळेच्या पाटीवर ती इंग्रजीत नावाआधी दिसतात तेव्हा ती 'सेंट' म्हणून वाचायची असतात, म्हणजे संत. हृदयाचा आलेख काढल्यावर डॉक्टर 'एस.टी.' वर गेली का हे पाहतात, कारण तो भाग उंचावला तर हृदयविकाराच्या झटक्याचा संशय येतो. गंमत म्हणजे तेथे हा संक्षेपच नाही. आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाने आलेखावरील लहरींना पी, क्यू, आर, एस, टी अशी ओळीने नावे दिली. त्यांतली ही शेवटची दोन. त्याला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण संत आणि डॉक्टर बाजूला ठेवू. आपल्या भागात या अक्षरांचे खरे अर्थ दोनच. एक रस्त्यावर धावतो आणि दुसरा दाखल्यावर बसतो.

पहिली एस.टी. सर्वांच्या ओळखीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली गाडी धावली. 'स्टेट ट्रान्सपोर्ट' या नावाची ही आद्याक्षरे. आपला वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि आज या संस्थेचे पूर्ण नाव 'महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ' असे आहे. महामंडळाच्या कागदांवर 'रा.प.' असा मराठी संक्षेपही असतो. पण पिंपळगाव राजाच्या थांब्यावर उभे राहून "रा.प. आली का?" असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. लोकांची ती 'एस.टी.'च, आणि आमच्या आजीची 'यष्टी'.

आजी चुकीचे बोलते असे मला वाटत नाही. यष्टी हा जुना संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ काठी. शरीरयष्टी आपण म्हणतो, क्रिकेटच्या वर्णनात यष्टिरक्षक येतो, तोच हा शब्द. म्हाताऱ्या माणसाला काठीचा जसा आधार, तसा खेड्याला या गाडीचा. बाजार, दवाखाना, माहेर, कोर्ट, कॉलेज ही सारी ठिकाणे तिच्या पायरीवरून गाठायची. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, कॉलेजच्या पासाला तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे पडतात, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा विलीनीकरणासाठी संप चालला. त्या संपात त्यांचेही संसार पणाला लागले होते. पण ज्या गावाला दुसरे वाहन नाही, त्या गावच्या मुलींची शाळा त्या महिन्यांत किती लांब गेली, हे खेड्यातल्या वाचकाला सांगावे लागत नाही.

सांगायचे ते एवढेच की ही अक्षरे इंग्रजी असूनही आपली झाली. का झाली? तर सगळे त्या गाडीत बसले म्हणून. अर्थ कोणी शिकवला नाही. गाडी दारात आली आणि अर्थ घेऊनच आली.

दुसऱ्या एस.टी.चे तसे झाले नाही. ही एस.टी. म्हणजे 'शेड्यूल्ड ट्राइब', मराठीत अनुसूचित जमाती. अनुसूची म्हणजे यादी. ज्या जमातींची नावे यादीत आहेत त्या अनुसूचित. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमानुसार राष्ट्रपतींनी ही यादी ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाने जाहीर केली आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची माणसे सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे दर शंभरात नऊ. राज्याच्या नोकऱ्यांत त्यांच्यासाठी ७ टक्के जागा राखीव आहेत.

या यादीत एका अक्षराची किंमत काय असते पाहा. यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. धनगर समाजाचे म्हणणे असे की 'धनगड' म्हणजे आम्हीच, 'र'चा 'ड' झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मागणीच्या याचिका फेटाळल्या. त्याआधी २००० साली, आपल्या विदर्भातल्या हलबा-कोष्टी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की यादी जशी आहे तशीच वाचायची, न्यायालयाने तिच्यात भर घालायची नाही. बंजारा समाजाचे पाहा. तेलंगणात तो अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. माणूस तोच, बोली तीच; सीमा ओलांडली की अक्षरे बदलतात. २०२५ साली या समाजाचे मोठे मोर्चे निघाले ते याच दोन अक्षरांसाठी. कोणाची मागणी योग्य आणि कोणाची अयोग्य हे ठरवण्याइतका माझा अभ्यास नाही, आणि यादीत आधीपासून असलेल्यांची भीतीही मला समजते. पण एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर लाखो मुलांची शाळा-नोकरी इकडची तिकडे होते, एवढे तरी दिसते.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. विदर्भात ही यादी पूर्वी मेळघाटासारख्या ठराविक भागांपुरतीच होती. हद्दीच्या आत राहणारा कोरकू यादीत, आणि त्याचा हद्दीबाहेरचा सोयरा यादीबाहेर. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. म्हणजे रोटीबेटीचा व्यवहार एक, देव एक, भाषा एक, आणि तरीही कागदावर पंचवीस-सव्वीस वर्षे दोन निरनिराळी माणसे!

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते. माझी एक वर्गमैत्रीण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची आहे. शिकण्यासाठी ती इकडे खोली करून राहते. दाखल्याच्या कामासाठी तिचे वडील आले होते आणि सोबत म्हणून मीही एका कार्यालयाच्या रांगेत उभी होते. खिडकीतून प्रश्न आला, "एस.टी. आहे का?"

वडील म्हणाले, "नाही साहेब, पायदलच आलो."

रांगेत हशा पिकला. खिडकीतला माणूसही हसला. माझी मैत्रीण पुढे होऊन म्हणाली, "आम्ही कोरकू आहोत." त्यावर उत्तर आले, "मग एस.टी.च ना! तसं सांगायचं."

त्या हसण्यात दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. पण वडिलांचे उत्तर पुन्हा एकदा वाचून पाहावे. त्यात चूक कोठे आहे? मी वर म्हटले की 'तो' आणि 'ती' लावून मराठी अर्थ वेगळे करते; पण 'आहे' या क्रियापदाला लिंगच नाही. "एस.टी. आहे का?" हे गाडीबद्दलही विचारता येते आणि माणसाबद्दलही. त्या माणसाने आयुष्यभर हा प्रश्न रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकलेला, तोच अर्थ त्याने घेतला. आणि उत्तर तर अक्षरशः खरे होते. त्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट ते चालूनच आले होते. 'जेथे रस्ता तेथे एस.टी.' हे वाक्य आपण लहानपणापासून वाचत आलो. पण दुसरी एस.टी. पुष्कळदा जेथे रस्ता संपतो तेथे राहते. दोन्ही एस.टी.ची गाठ पडत नाही, हे त्या माणसाने नकळत चार शब्दांत सांगितले आणि आपण हसलो.

स्वतःला तो कोरकू म्हणून ओळखतो. कार्यालय त्याला एस.टी. म्हणून ओळखते. मध्ये दुभाषा कोणी नाही. आणि काम एवढ्यावर संपत नाही. दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद असली तर उत्तम, असे सांगतात. ज्या घरातली पहिली मुलगी आज कॉलेजात आली, त्या घराने पणजोबांच्या शाळेचा दाखला कोठून आणायचा? दाखल्यानंतर पुन्हा वैधतेची तपासणी असते. खोटे दाखले काढून दुसऱ्याच्या जागा बळकावणारे लोक आहेत, म्हणून तपासणी हवीच, हे मान्य. पण खोट्याच्या बंदोबस्तात खऱ्याची दमछाक होते, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. तरुण मुलांत या अक्षरांवर विनोद चालतात. कोणाला कमी गुणांवर प्रवेश मिळाला की, "त्याचं काय बापा, तो एस.टी.नं आला!" असे म्हणून टाळी घेतली जाते. माझ्या दाखल्यावर निराळी तीन अक्षरे आहेत, त्यामुळे हा विनोद माझ्यावर होत नाही. पण शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी पुस्तकात डोके का घालते, हे समजायला तिच्या जमातीत जन्मावे लागत नाही.

अशा विनोदवीरांना माझे एकच सांगणे. एकदा खऱ्या एस.टी.त नीट बसून पाहा. तिच्यातही आरक्षण असते. आमदार-खासदारांसाठी जागा राखीव, बायकांसाठी राखीव, अपंगांसाठी राखीव, असे खिडकीच्या वर लिहिलेले असते. त्याबद्दल कोणी टाळी मागत नाही. आणि याखेरीज एक आरक्षण असे असते की जे कोठेच लिहिलेले नसते. गाडी थांब्यावर लागण्याआधीच धडधाकट माणसे खिडकीतून रुमाल टाकतात आणि जागा धरतात. मागून लेकरू कडेवर घेऊन चढलेल्या बाईला सांगतात, "जागा हाये इथं, रुमाल दिसत नाही काय?" शाळा जवळ, रस्ता जवळ, घरात वाचणारे वडील, ओळखीचा साहेब हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या मिळाले, त्यांचे रुमाल कधीचेच पडलेले आहेत. मग उशिरा, पायी चालत आलेल्या माणसासाठी एका बाकावर पाटी लावली तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

कोणी म्हणेल, दोष इंग्रजीचा. मराठी संक्षेप वापरा म्हणजे झाले. मला तसे वाटत नाही. सरकारी तक्त्यांत मराठी संक्षेप आहेतच. अनुसूचित जातीला 'अ.जा.' आणि अनुसूचित जमातीला 'अ.ज.' असे लिहितात. दोहोंत फरक केवळ एका कान्याचा! कागदाची झेरॉक्स फिकी निघाली तर जातीची जमात होईल. म्हणजे भाषा बदलून भागत नाही. जेथे माणसाचे भवितव्य ठरते तेथे अक्षरे नकोत, पूर्ण शब्द हवा. आणि शब्द कठीण असेल तर तो समजावून सांगणारा माणूस हवा. गाडीच्या पाटीवर संक्षेप चालेल, कारण चुकीच्या गाडीतून पुढच्या थांब्यावर उतरता येते. चुकीच्या रकान्यातून उतरता येत नाही.

म्हणून माझ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि अर्जांवर एस.टी., एन.टी., ओ.बी.सी. असे लिहिताना शेजारी पूर्ण मराठी शब्द लिहावा. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी एक टेबल मांडून बसावे आणि आलेल्या पालकांना प्रत्येक रकाना वाचून दाखवावा. त्याला पैसा लागत नाही, तासभर वेळ लागतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कॉलेजचा कागद वाचणारे आपणच पहिले. आपल्या आईबापांनाही कोणत्या ना कोणत्या खिडकीपाशी असेच दोन अक्षरांनी अडवले असेल. मग खिडकीच्या अलीकडे उभे राहून हसण्यापेक्षा दुभाषाचे काम केलेले बरे नव्हे काय?

आणि प्रश्न विचारायचाच असेल तर "एस.टी. आहे का?" असे न विचारता "तुमची जमात कोणती?" असे विचारावे. उत्तर मिळेल, "कोरकू." त्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लावले की त्याचे अनेकवचन होते. कोरकू या शब्दाचा अर्थ एवढाच : माणसे.